मानोहाचा प्रश्न

शास्त्रपाठ : शास्ते १३:२–१४; १ शमुवेल १:२१–२४

शमशोनाची गोष्ट शब्बाथशाळेतल्या मुलांना फार आवडते. सिंहाला फाडणे, गाढवाच्या जाभाडाने पलिष्ट्यांचा संहार, शेवटी देवळाचे खांब पाडणे, हे सारे मुले डोळे विस्फारून ऐकतात. त्यामुळे शिक्षकही घाईने चौदाव्या अध्यायाकडे जातात आणि तेरावा अध्याय मागे राहून जातो. आम्हीही पुष्कळ वर्षे असेच शिकवले. या महिन्यात मात्र आपण तेराव्या अध्यायापाशीच थांबू या. त्यात जवळजवळ शेवटपर्यंत शमशोन जन्मलेला नाही, त्यात त्याची आई आहे.

सरा गावचा मानोहा हा दान वंशातला. त्याच्या बायकोचे नाव शास्त्रात दिलेले नाही. तिला मूलबाळ नव्हते. परमेश्वराचा दूत प्रथम तिला दर्शन देतो, तिच्या नवऱ्याला नव्हे. तुला पुत्र होईल आणि तो गर्भापासून देवाचा नाजीर होईल, असे सांगत असतानाच तो तिच्या खाण्यापिण्यावर येतो. मद्याला शिवायचे नाही, अशुद्ध काही खायचे नाही. ती घरी येऊन हे नवऱ्याला सांगते. मानोहा भला माणूस. तो गुडघे टेकतो आणि मागणी करतो की, तो देवाचा मनुष्य पुन्हा यावा आणि येणाऱ्या मुलाचे काय करायचे ते त्याने आम्हांला शिकवावे.

देव त्याचे ऐकतो. दूत पुन्हा येतो, आणि या खेपेसही त्या बाईकडेच येतो. ती शेतात बसलेली असते. ती धावत जाऊन नवऱ्याला बोलावून आणते. मानोहा विचारतो की, मुलाला वळण कसे लावायचे, त्याचे काम काय असेल? आता उत्तर नीट पाहा. दूत मुलाविषयी एक शब्दही बोलत नाही. या स्त्रीला मी जे सांगितले आहे ते तिने सांभाळावे, एवढेच तो म्हणतो आणि पुन्हा तिच्या खाण्यापिण्याचा नियम सांगतो. मानोहाने विचारले मुलाबद्दल, उत्तर मिळाले आईबद्दल.

आणखी एक गोष्ट. हा नियम त्या बाईला आधीच ठाऊक होता. मग दुसऱ्यांदा सांगण्याचे कारण काय? या खेपेस तो नवऱ्याच्या कानावर घातला आहे. घरात काय आणायचे, द्राक्षमळ्यातले काय प्यायचे, पाहुण्यापुढे कोणते करडू कापायचे, हे ठरवणारा मानोहा होता. बायकोने नियम पाळायचा तर नवऱ्याने तो पाळू दिला पाहिजे.

हा पाठ आम्हांला पुस्तकातून कळला नाही. इंदुरातल्याच एका घरी बाप्तिस्म्यानंतरच्या जेवणाला आम्ही पत्नीसह गेलो होतो. पहिला नातू, त्यामुळे घरात मोठा आनंद. आम्ही देवाच्या वचनाची सेवा करणारे, म्हणून आम्हांला पहिल्या पंगतीत मानाने बसवले, कोंबडीच्या रश्श्यातले मोठे तुकडे आग्रहाने वाढले, आणि आम्हीही फारसे आढेवेढे घेतले नाहीत. प्रार्थना केली, बाळाच्या डोक्यावर हात ठेवला. घरी परतताना राजवाड्यापर्यंत पत्नी गप्पच होती. मग म्हणाली, "अहो, बाळाला आशीर्वाद दिलात, पण त्याच्या आईच्या ताटात काय होतं ते पाहिलंत का?" आम्ही पाहिले नव्हते. ती आतल्या खोलीत जाऊन आली होती. तीन महिन्यांची ओली बाळंतीण सर्वांच्या मागून जेवली होती. पातळ वरण आणि भात. कोंबडी संपली होती. पालेभाजी, फळ बाळाला बाधेल म्हणून तिला वर्ज्य होते. पाणीसुद्धा मोजून.

त्या घरच्या माणसांना आम्ही वाईट म्हणणार नाही. ती प्रेमळ आहेत. आपल्या बहुतेक घरांत असेच घडते, आणि ते कोणी ठरवून करत नाही. पुरुष, मग मुले, मग पाहुणे, मग उरलेले, हा क्रम इतका जुना आहे की तो डोळ्यांना दिसत नाही.

या क्रमाचा हिशेब कुठे निघतो, ते आपल्याच महाराष्ट्रात तपासले गेले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक काम हाती घेतले. लग्न झालेल्या स्त्रियांची वजने व मापे गर्भ राहण्यापूर्वीच घेऊन ठेवली. दिवस गेल्यावर त्या काय खातात, किती कष्ट करतात याची नोंद केली, आणि जन्मलेल्या मुलांकडे पुढे वर्षानुवर्षे लक्ष ठेवले. ती मुले आज मोठी माणसे झाली आहेत. जन्मताना त्यांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते. इंग्लंडमधील साउथॅम्प्टन शहरातील बाळांचे सुमारे ३.५ किलो. पण आश्चर्य निराळेच होते. आपली बाळे हाडामांसाने किरकोळ असली तरी त्यांच्या कातडीखालची चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. स्नायू थोडे, चरबी राखलेली. पुढे मधुमेह होणाऱ्या माणसाच्या शरीराची जी ठेवण असते, तिचे बीज पाळण्यातच दिसत होते.

त्या मातांच्या ताटाकडेही त्यांनी पाहिले. या बायकांचे एकूण अन्न कमीच होते. तरीही बाळाच्या आकाराशी अधिक संबंध आढळला तो पालेभाजी, फळे आणि दूध त्या किती वेळा खातात याच्याशी. मेथी, पालक, चाकवत, माठ, एखादा पेरू, पेलाभर दूध. सियागंजातून काही महागडे आणावे लागत नाही. दुसरी नोंद कष्टांची. शेतातले काम आणि पाणी भरणे यांचा भार ज्यांच्यावर अधिक, त्यांची बाळे लहान. आपल्या वस्त्यांत उन्हाळ्यात टँकरपुढे हंडे घेऊन कोण उभे असते, ते आपणांस ठाऊक आहे.

तिसरी नोंद आपण ख्रिस्ती लोकांनी विशेष लक्षात घ्यावी. त्या मातांपैकी सुमारे दोनतृतीयांश जणींच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होते. हे जीवनसत्त्व भाजीपाल्यात नसते. ते दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. ज्या मातांमध्ये बी-१२ कमी पण फोलेट भरपूर होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिन नीट काम करत नसल्याची लक्षणे अधिक आढळली. मधुमेहाची वाट तिथून सुरू होते. आपण म्हणू की, आम्ही तर मांसाहारी, आम्हांला ही भीती नाही. परंतु घरात मांस शिजते आणि ते गरोदर सुनेच्या ताटात पडते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या पत्नीने त्या दिवशी दुसरीच गोष्ट पाहिली होती.

इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून सुइणी व परिचारिका प्रत्येक बाळाचे जन्मवजन वहीत लिहीत. वर्षाच्या वाढदिवसाला पुन्हा वजन करत, आणि बाळ अंगावर पीत होते की बाटलीने, तेही लिहीत. पुष्कळ वर्षांनी प्राध्यापक डेव्हिड बार्कर यांच्या हाती त्या वह्या आल्या. त्यांनी १९८९ मध्ये दाखवून दिले की, जन्मताना व वर्षाचे असताना ज्या पुरुषांचे वजन सर्वांत कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराने मरणाऱ्यांचे प्रमाण सर्वांत अधिक होते. आपल्या मंडळीतही बाप्तिस्म्याची नोंदवही आहे. तीत बाळाचे नाव, बापाचे नाव, धर्मपितरांची नावे, तारीख, सारे सुवाच्य अक्षरात असते. ती चाळताना आम्हांला वाटले, यातल्या किती बायका तो दिवस जेमतेम उभ्या राहून पार पाडत असतील!

प्रभूने येणाऱ्या संकटाविषयी बोलताना, मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात, गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांसाठी हळहळ व्यक्त केली आहे. राजे आणि सैन्ये यांच्या गोंधळात त्याची नजर त्यांच्यावर गेली. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने हॉलंडचे अन्न अडवले तेव्हा जी मुले पोटात होती, त्यांच्यात उतारवयातही रक्तातली साखर बिघडण्याचे प्रमाण अधिक आढळले. दुष्काळ संपला होता, पोटभर अन्न आले होते, तरी शरीर ते दिवस विसरले नव्हते.

इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगणे जरूर आहे, कारण हे वाचणाऱ्या भगिनींपैकी कोणाचे बाळ अपुऱ्या दिवसांचे जन्मले असेल, कोणाचे गेले असेल, कोणाचा तरुण मुलगा आज गोळ्या घेत असेल. वर सांगितलेले सारे संबंध अनेकांच्या गणतीतून निघालेले आहेत. एका बाईच्या कपाळी ते लिहिता येत नाहीत. जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनी विचारले की, पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? प्रभूने दोन्ही नाकारले, आणि मग त्याने त्या माणसासाठी चिखल कालवला. आणि शमशोनाकडेच पाहा. त्याच्या आईने नियम पाळला, मूल धडधाकट झाले, परमेश्वराने त्याला आशीर्वाद दिला, तरी तो पुढे कसा वागला ते आपण जाणतो. तो दोष त्या नाव नसलेल्या बाईचा नाही. म्हणून कोणी सासूने हा लेख सुनेपुढे धरून, बघ, तू खाल्लं नाहीस म्हणून, असे म्हणू नये. दूत मानोहाशी बोलत होता हे विसरू नका.

मद्याविषयी दूताने जे सांगितले त्यावर उपदेश करणे आपल्याला सोपे जाते, कारण आपल्यातल्या फार थोड्या स्त्रिया दारू पितात. पण मिश्रीचे काय? आपल्या कितीतरी आया-आत्या दात घासायच्या निमित्ताने मिश्री, तंबाखूचे मंजन, तपकीर हिरड्यांना लावतात आणि तिला व्यसन म्हणत नाहीत. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी झाली, ती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. तोंडात तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले, आणि अपुऱ्या दिवसांची बाळंतपणेही त्यांच्यात अधिक झाली. शेजारी बसून नवरा बिडी ओढतो, त्याचा धूरही त्याच घरात राहतो. मानोहा, ऐकतोस ना?

आता हन्नाकडे येऊ. शमुवेल झाल्यावर वार्षिक यज्ञासाठी सारे घर शिलोला निघाले. हन्ना म्हणाली की, मुलाचे दूध तुटेपर्यंत मी येत नाही. शिलोची यात्रा म्हणजे त्या काळची उपासना, आणि हिचा नवस तर अजून फेडायचा होता! एलकानाने वाद घातला नाही. तुला बरे दिसते ते कर, राहा, असे तो म्हणाला. शास्त्रलेखक लिहितो की ती राहिली आणि मुलाला पाजत राहिली. आम्हांला यात एलकानाचे मोठेपण दिसते. पाजणे हीच तिची त्या वर्षांतली उपासना आहे, हे त्याला कळले. आपल्या मंडळीत मात्र बाळ रडले की चार माना मागे वळतात, आणि ती मुलगी पदर सावरत बाहेर पायरीवर जाऊन बसते. पाळकांच्या खोलीत एक खुर्ची आणि पडदा ठेवायला किती खर्च येईल?

अंगावरच्या दुधाविषयी जाणते डॉक्टर आज एकमुखाने सांगतात ते थोडक्यात असे. जन्मल्यावर तासाभरात बाळाला छातीशी घ्यावे. पहिला पिवळसर चीक टाकून देऊ नये, ते त्याचे पहिले रोगनिवारक औषध आहे. सहा महिने फक्त आईचे दूध, गुटी नाही, मध नाही, पाणीही नाही. त्यानंतर वरचे अन्न सुरू करून दोन वर्षे व पुढेही पाजत राहावे. अंगावर प्यालेल्या मुलांत जुलाब व न्यूमोनियाने होणारे मृत्यू कमी असतात, पुढे लठ्ठपणाही कमी आढळतो, आणि पाजणाऱ्या आईला स्तनाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो. डब्याच्या दुधाची जाहिरात करण्यास आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती उगीच नाही. मात्र ज्या मातेला खरोखरच दूध येत नाही किंवा आजारामुळे पाजता येत नाही, तिला टोमणे मारू नयेत. तिने डॉक्टरांच्या सल्ल्याने चालावे.

आणि हे दूध येते कुठून? गरोदरपणी स्त्रीला रोज सुमारे ३५० कॅलरी अधिक लागतात, तर पाजण्याच्या पहिल्या सहा महिन्यांत सुमारे ६००, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने सांगितले आहे. म्हणजे भूक वाढते ती बाळंतपणानंतर. आपल्या घरी उलट होते. डोहाळे असेतो सारे विचारतात की, काय खावेसे वाटते? मूल झाले की साऱ्यांचे डोळे पाळण्याकडे वळतात, आणि आईवर पथ्यांचा पहारा बसतो. आजीच्या शिदोरीतले डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, अळिवाची खीर जरूर द्यावी, त्यांत शहाणपण आहे. अळिवात लोह चांगले असते. पण तहान मारणे, भाजी व फळ तोडणे, यात शहाणपण नाही. आईला बी-१२ कमी पडले तर दुधातही ते कमी उतरते. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या गरोदरपणी १८० दिवस आणि बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात. दुसरे १८० दिवस बहुतेक जणी विसरतात. आणि गोळी चहाबरोबर घेतली तर लोह अंगी लागत नाही. आम्हां इंदूरकरांना सकाळी पोह्यांबरोबर चहा हवाच, तर गोळी दुसऱ्या वेळी घ्यावी.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना वाटेल, हे सारे महिला मंडळाचे विषय, आमचा काय संबंध? तर मुंबईतलेच आणखी एक काम सांगतो. तिथल्या झोपडवस्तीतील स्त्रियांना २००६ पासून काही वर्षे, गर्भ राहण्याच्या आधीपासून, रोज एक खाऊ देण्यात आला. काहींच्या खाऊत पालेभाजी, फळे व दूध असे, इतरांच्या खाऊत बटाटा-कांदा यांसारखे साधे जिन्नस. बाळांचे वजन सर्वच जणींत काही वाढले नाही. ज्यांनी गर्भ राहण्यापूर्वी निदान तीन महिने तो खाऊ खाल्ला होता, त्यांच्या बाळांचे वजन थोडे अधिक भरले. गरोदरपणातला मधुमेह मात्र पहिल्या गटात शंभरात सुमारे ७ जणींना झाला, दुसऱ्यात सुमारे १२ जणींना. म्हणजे दिवस राहिल्यावर धावाधाव करण्यास उशीर होतो. बाळाचा मेंदू व पाठीचा कणा ज्यातून घडतो ती नळी तर चौथ्या आठवड्यातच बंद होते, आणि तेव्हा पुष्कळ जणींना आपल्याला दिवस गेले आहेत हेही ठाऊक नसते. ज्या मुली आज तुमच्यापुढे तेरा-चौदा वर्षांच्या बसल्या आहेत, फिकट चेहऱ्याच्या, सकाळी काही न खाता आलेल्या, त्यांच्याविषयीच हा पाठ आहे. त्यांचे रक्त तपासले आहे का, हे त्यांच्या आयांना विचारायला वर्गशिक्षिकेएवढे जवळचे दुसरे कोण आहे?

या कामाची परंपरा इंदुरात आपल्याला शोधावी लागणार नाही. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. एलिझाबेथ बीटी १८८४ मध्ये येथे आल्या, डॉ. मॅरियन ऑलिव्हर १८८६ मध्ये. पडद्यातल्या स्त्रिया पुरुष डॉक्टरपुढे येत नसत, म्हणून या दोघी त्यांच्या घरी गेल्या. मरीया अशीच डोंगराळ मुलुखात अलीशिबेच्या घरी गेली होती. अलीशिबेला सहावा महिना, वय उतरलेले. मरीया तीन महिने राहिली. त्या घरातला पुरुष तर त्या काळात मुका होता, त्यामुळे हुकूम सोडणारे कोणी नव्हते! मंडळीतील प्रत्येक गरोदर भगिनीकडे महिन्यातून एकदा कोणी जावे आणि केवळ प्रार्थना करून न परतता, जेवलीस का, हंडा कोण उचलते, अंगणवाडीत नाव घातले का, हे विचारावे.

एक अवघड प्रश्न उरतो. मोशेच्या आईला फारोच्या मुलीने बाळ पाजण्यासाठी वेतन दिले, असे निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. आईला तिचेच मूल पाजण्याचे वेतन, आणि तेही परधर्मी राजकन्येने! आज नोकरदार स्त्रीला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, ती २०१७ मध्ये वाढवण्यात आली. त्याच वर्षी सुरू झालेल्या मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात. पण आपल्या घरी धुणेभांडी करणारी बाई? सातव्या महिन्यात ती खाली बसून आपली फरशी पुसते. बाळंत झाली की आपण दुसरी लावतो आणि तिचा महिना कापतो. याकोबाने एसावाला सांगितले होते की, मुले कोवळी आहेत, गुरे-मेंढरे दुभती आहेत, एक दिवस जोराने हाकली तरी मरतील, म्हणून मी हळूहळू येतो. मेंढरांसाठी त्याने चाल मंदावली. आम्ही स्वतः गेल्या खेपेस आमच्या बाईचा महिना कापला होता. या खेपेस कापणार नाही.

त्या घरची हकीकत सांगायची राहिली. आठवड्याने आमची पत्नी महिला मंडळाच्या दोन भगिनींना घेऊन तिथे गेली. सासूबाई आधी रागावल्या. "आम्ही नाही का वाढवली पोरं?" असे त्यांनी विचारले. पत्नीने विचारले, "तुमची किती, आजी?" त्या म्हणाल्या, "सात. जगली चार." मग बराच वेळ कोणी बोलले नाही. परत येताना मुलाच्या बापाने दारापर्यंत येऊन हळूच विचारले की, अंडे रोज दिले तर चालेल का?

पुढच्या प्रीतिभोजनाच्या वेळी वाढपी भगिनींनी मोठ्याने सांगितले की, आधी लेकुरवाळ्या आणि दिवस गेलेल्या बसतील. वडील मंडळी, पाळक आणि आम्ही भिंतीशी उभे राहिलो. सासूबाई सुनेच्या ताटात स्वतः वाढत होत्या. आमची पंगत बसली तेव्हा पातेल्यात नुसता रस्सा उरला होता.